कॉलेज फुटबॉलमधील एका बाऊल सामन्याला एवढे महत्त्व का? २००७ च्या फिएस्टा बाऊलवरून एक उत्तर

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपल्यानंतर दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ जो एकच ‘बाऊल’ सामना खेळतात, त्यातून कोणी पुढच्या फेरीत जात नाही, तरीही लोक त्यासाठी एवढा जीव का टाकतात. आणि आता बारा संघांचे प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीची बाद फेरी, सुरू झाल्यावर अशा सामन्याला काही अर्थ उरला आहे का. मी नोकरीनिमित्त आयडाहो राज्यातील बॉयसी शहरात राहतो आणि इथल्या विद्यापीठाच्या संघाचा निष्ठावान चाहता आहे, त्यामुळे बाऊल सामन्यांचा सगळा इतिहास सांगण्यापेक्षा मी एकाच सामन्याच्या आधारे उत्तर देतो. तो सामना म्हणजे १ जानेवारी २००७ रोजी अॅरिझोनातील ग्लेनडेल येथे झालेला फिएस्टा बाऊल: बॉयसी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा.

आधी कॉन्फरन्सची व्यवस्था समजून घ्यावी लागेल, कारण बाऊल सामन्याचे सगळे मोल तिच्यात दडलेले आहे. सर्वोच्च श्रेणीत २००६ साली ११९ विद्यापीठांचे संघ होते आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारण बारा सामने खेळत असे. त्यांपैकी आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या गटातील विद्यापीठांशी होतात. उरलेल्या सामन्यांत मोठी विद्यापीठे बहुधा लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. आपल्याकडे रणजी करंडक पूर्वी विभागवार खेळला जात असे, तेव्हा मुंबईचा संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांच्याशी खेळे आणि कर्नाटक किंवा दिल्लीची गाठ बाद फेरीतच पडे. तसेच काहीसे हे आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की रणजीत विभागातून वर आलेल्या संघांसाठी बाद फेरी असायची. कॉलेज फुटबॉलमध्ये अनेक दशके बाद फेरीच नव्हती. देशातील सर्वोत्तम संघ कोणता हे क्रीडा पत्रकार आणि प्रशिक्षक मते देऊन ठरवत असत. जे संघ एकमेकांशी कधी खेळलेच नाहीत, त्यांची तुलना मतदार करत, आणि ती करताना विद्यापीठाचे नाव, जुना दबदबा आणि कॉन्फरन्सची पत यांचा प्रभाव पडणे अटळ होते.

बाऊल सामन्यांचा जन्म मात्र या वादातून झालेला नाही. कॅलिफोर्नियातील पॅसडेना शहरात नववर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघे आणि तिला जोड म्हणून १९०२ साली फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला. त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे हरवले. सामना इतका एकतर्फी झाला की त्यानंतर १९१६ पर्यंत आयोजकांनी फुटबॉलचे नावच काढले नाही. पुढे १९३० च्या दशकात मायामी, न्यू ऑर्लीन्स, एल पासो, डॅलस अशा उबदार हिवाळ्याच्या शहरांनी पर्यटक यावेत म्हणून आपापले बाऊल सुरू केले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे सुप्रसिद्ध मानांकन १९३६ साली सुरू झाले, पण त्याची अखेरची यादी जवळजवळ नेहमीच बाऊल सामन्यांच्या आधी जाहीर होत असे. बाऊलचे निकाल धरून यादी करण्याची पद्धत १९६८ पासून कायम झाली. तोवर हे सामने म्हणजे हंगामाचे बक्षीस होते. त्यानंतर ते पुरावा ठरू लागले. वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या बलवान संघांना त्रयस्थ मैदानावर समोरासमोर आणणारी तीच एक जागा होती.

आता २००६ च्या हंगामाकडे येतो. त्या काळी ‘बाऊल चॅम्पियनशिप सीरिज’ म्हणजे बीसीएस नावाची व्यवस्था होती. दोन मतदान-याद्या आणि संगणकांची गणिते एकत्र करून संघांची क्रमवारी लागायची, पहिले दोन संघ अजिंक्यपदाचा सामना खेळायचे आणि रोझ, शुगर, ऑरेंज व फिएस्टा या चार श्रीमंत बाऊलमध्ये सहा मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना हक्काची जागा मिळायची. बाकीच्या कॉन्फरन्स म्हणजे जवळजवळ दुय्यम वर्ग. त्यांच्यातील संघ सगळे सामने जिंकला तरी त्याच्यासाठी दार उघडेल याची खात्री नव्हती. २००६ पासून नियम थोडा सैल झाला: अशा कॉन्फरन्सचा विजेता क्रमवारीत पहिल्या बारांत आला तर त्याला एक जागा मिळणार होती. बॉयसी स्टेट आठव्या क्रमांकावर आली आणि त्या जागेवर फिएस्टा बाऊलमध्ये पोहोचली.

हे विद्यापीठ १९३२ साली दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय म्हणून सुरू झाले होते आणि सर्वोच्च श्रेणीत त्याचा संघ केवळ १९९६ पासून खेळत होता. बाहेरच्या लोकांना त्याची ओळख मुख्यतः १९८६ साली घातलेल्या निळ्या कृत्रिम गवताच्या मैदानामुळे होती. २००६ मध्ये ख्रिस पीटरसन मुख्य प्रशिक्षक झाले, तो त्यांचा पहिलाच हंगाम होता. संघाने बारापैकी बारा सामने जिंकले, त्यात ओरेगन स्टेटसारख्या मोठ्या कॉन्फरन्सच्या संघावर ४२-१४ असा विजयही होता. तरी टीकाकारांचे म्हणणे एकच होते की, वेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्समधील दुबळ्या संघांना हरवून मिळालेल्या या आकड्याला किंमत नाही. समोर ओक्लाहोमा होती: सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेले विद्यापीठ, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा विजेता संघ, बॉब स्टूप्स यांच्यासारखा नावाजलेला प्रशिक्षक आणि गळपट्टीच्या हाडाच्या दुखापतीतून परतलेला धावपटू (म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) एड्रियन पीटरसन, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्येही फार मोठा खेळाडू ठरला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियमांचे चार शब्द पुरेत. चेंडू हाती असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एन्ड झोनमध्ये नेला की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. त्यानंतर एक जास्तीची संधी असते: चेंडू लाथेने खांबांमधून उडवला तर एक गुण, आणि तीन यार्डांवरून धावून किंवा फेकून पुन्हा एन्ड झोनमध्ये नेला तर दोन गुण. लाथेचा एक गुण जवळजवळ हातचाच समजतात. दोन गुणांचा प्रयत्न निम्म्याहून थोड्या कमी वेळा यशस्वी होतो. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण सामना अखेरीस त्यावरच येऊन ठेपला.

तिसऱ्या सत्रात बॉयसी स्टेट २८-१० अशी पुढे होती. तेथून ओक्लाहोमाने सलग पंचवीस गुण मिळवले. सामना संपायला दीड मिनिटाहून कमी वेळ असताना त्यांनी टचडाउन केला, दंडांमुळे पुन्हा पुन्हा कराव्या लागलेल्या दोन गुणांच्या प्रयत्नात अखेर यश मिळवले आणि २८-२८ अशी बरोबरी साधली. लगेच पुढच्याच चालीत बॉयसीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जॅरेड झाब्रान्स्की याने फेकलेला चेंडू मार्कस वॉकरने मध्येच झेलला आणि सरळ एन्ड झोनमध्ये नेला. ३५-२८. घड्याळात एक मिनिट आणि दोन सेकंद उरले होते. अठरा गुणांची आघाडी गेली होती आणि ज्याच्या चुकीने संघ मागे पडला होता, त्याच खेळाडूच्या हाती पुन्हा चेंडू देण्यावाचून प्रशिक्षकांना पर्याय नव्हता.

पुढची चढाई मैदानाच्या बरोबर मध्यावर अडकली. चौथा डाउन, अठरा यार्ड हवेत, अठरा सेकंद बाकी. बॉयसीने ‘सर्कस’ नावाची एक चाल सरावात घोटून ठेवली होती. झाब्रान्स्कीने मधल्या भागात ड्रिसन जेम्सकडे चेंडू फेकला. जेम्सने तो सुमारे पस्तीस यार्डांच्या रेषेपाशी झेलला. ओक्लाहोमाचे बचावपटू त्याच्यावर झेपावले, कारण तो तिथेच पडला असता तर अठरा यार्ड पुरे झाले नसते आणि सामना संपला असता. जेम्सने मात्र विरुद्ध दिशेने धावत येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात चेंडू हलकेच उडवून दिला. सगळा बचाव एका बाजूला ओढला गेला होता. रॅब दुसऱ्या बाजूने कडेकडेने धावत सुटला आणि शेवटी उडी घेऊन एन्ड झोनमध्ये पोहोचला. सात सेकंद उरली होती. लाथेच्या एका गुणाने ३५-३५ अशी बरोबरी झाली.

या चालीचे कौतुक करताना लोक तिला नशिबाचा खेळ म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. चेंडू हातातून हातात जाण्याचा क्षण, रॅबच्या धावण्याची वेळ आणि जेम्सने अठरा यार्डांच्या अलीकडेच थांबून बचावाला दिलेले आमिष, हे सगळे आधी आखलेले होते. लहान विद्यापीठाला दणकट आणि वजनदार खेळाडू मिळत नाहीत, ते मोठ्या विद्यापीठांकडे जातात. मग अशा संघाने आपली बुद्धी आणि सराव कशावर खर्च करावा, याचे उत्तर त्या एका चालीत होते.

जादा वेळेच्या प्रत्येक फेरीत तेव्हा प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या पंचवीस यार्डांवरून एक चढाई मिळत असे. ओक्लाहोमाने पहिल्याच चालीत चेंडू एड्रियन पीटरसनकडे दिला आणि त्याने पंचवीसच्या पंचवीस यार्ड धावून टचडाउन केला. ४२-३५. बॉयसीची चढाई पाच यार्डांवर येऊन पुन्हा चौथ्या डाउनवर अडली. या वेळी झाब्रान्स्की चाल सुरू होण्याआधीच बाजूला सरकला, चेंडू थेट विनी पेरेटाच्या हातात गेला, तो उजवीकडे पळाला आणि एन्ड झोनमध्ये मोकळ्या झालेल्या डेरेक शूमनकडे त्याने तो फेकला. पेरेटा काही क्वार्टरबॅक नव्हता. ४२-४१.

आता एका लाथेने बरोबरी झाली असती आणि जादा वेळेची दुसरी फेरी सुरू झाली असती. प्रशिक्षक ख्रिस पीटरसन यांनी तसे केले नाही. दोन गुणांसाठी जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला, म्हणजे या एकाच चालीवर सामना जिंकायचा किंवा हरायचा. मला या निर्णयाबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक ठिकाणी त्याला ‘धाडस’ म्हणून सोडून देतात. पंचवीस यार्डांच्या छोट्या मैदानावर जो संघ अंगाने भारी, त्याचे पारडे प्रत्येक फेरीगणिक जड होत जाते. बॉयसीचा बचाव थकला होता आणि एड्रियन पीटरसनसारख्या धावपटूला आणखी एकदा अडवता येईल असे मानण्यास पहिल्या चालीने काही जागा ठेवली नव्हती. बरोबरी करून पुढच्या फेरीत गेले असते तर जिंकण्याची शक्यता निम्म्याहून खूपच कमी राहिली असती. उलट तीन यार्डांवरून, स्वतः निवडलेल्या क्षणी, आधीच तयार असलेल्या चालीने प्रयत्न केला तर ती निम्म्याच्या आसपास होती. दुबळ्या मानलेल्या संघाने सामना लांबवू नये, हे गणित त्या क्षणी प्रशिक्षकांच्या डोक्यात स्वच्छ होते, असे मला ठामपणे वाटते.

ती चाल जुनी आहे, तिला ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ म्हणतात. बॉयसीने तिला आपला एक फिरकीचा भाग जोडला होता. तीन खेळाडू उजवीकडे उभे राहिले. झाब्रान्स्कीने चेंडू घेतला, उजवीकडे पाहिले आणि उजवा हात फेकण्याच्या पवित्र्यात पुढे आणला. तो हात रिकामा होता. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे धरलेला होता आणि मागून आलेल्या इयन जॉन्सनने तो तिथून उचलला. ओक्लाहोमाचे बचावपटू फेकीच्या दिशेने सरकले तेव्हा जॉन्सन डावीकडे वळून धावत होता आणि एन्ड झोनमध्ये पोहोचेपर्यंत त्याला कोणी हातही लावू शकले नाही. ४३-४२. झाब्रान्स्कीचा तो चेंडू लपवणारा हात चित्रफितीत सावकाश पाहावा. चेहरा, खांदा आणि नजर, सगळे खोटे बोलत आहेत आणि त्यात तसूभरही घाई नाही. ज्याने काही मिनिटांपूर्वी संघाला खड्ड्यात घातले होते, त्या खेळाडूचा हा स्थिरपणा मला संपूर्ण सामन्यात सर्वांत जास्त भावतो. (जॉन्सनने त्यानंतर लगेच दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. पुष्कळांना सामन्यापेक्षा तेच जास्त आठवते.)

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. या विजयाने बॉयसी स्टेटला काय मिळाले? अजिंक्यपद मिळाले नाही, मिळण्याची शक्यताही नव्हती. एका आठवड्याने त्याच मैदानावर फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ असे हरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद घेतले. त्या पराभवानंतर संपूर्ण देशात एकही सामना न हरलेला संघ एकच उरला होता, तो म्हणजे तेरापैकी तेरा सामने जिंकलेली बॉयसी स्टेट. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या यादीत मात्र ती पाचव्या क्रमांकावर राहिली. पहिल्या क्रमांकासाठी तिला एकच मत पडले. एका सामन्याने वर्षानुवर्षांची मते बदलत नाहीत, हे त्यातून दिसते. पण त्याच सामन्याने ‘हे संघ मोठ्यांसमोर उभेच राहू शकत नाहीत’ हा युक्तिवाद करणाऱ्यांकडून काढून घेतला. दोन वर्षांपूर्वी, १ जानेवारी २००५ रोजी, युटाने याच फिएस्टा बाऊलमध्ये पिट्सबर्गला ३५-७ असे हरवले होते, पण तो पिट्सबर्गचा संघ फारसा बलवान नव्हता म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता आले. ओक्लाहोमाच्या बाबतीत तशी सबब सांगता येत नव्हती.

हा पुरावा नेहमी एकाच बाजूने गेला असेही नाही. पुढच्याच वर्षी हवाईचा अपराजित संघ शुगर बाऊलमध्ये जॉर्जियाकडून ४१-१० असा सपशेल हरला. जानेवारी २००९ मध्ये युटाने अॅलाबामाला ३१-१७ आणि जानेवारी २०११ मध्ये टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने) विस्कॉन्सिनला २१-१९ असे हरवले. जानेवारी २०१० च्या फिएस्टा बाऊलमध्ये तर बॉयसी स्टेट आणि टीसीयू या दोन दुय्यम मानलेल्या कॉन्फरन्सच्या अपराजित संघांनाच एकमेकांसमोर उभे करण्यात आले. बॉयसीने तो सामना १७-१० असा जिंकला, पण मला ती मांडणी अन्यायाची वाटते. बाऊल सामन्याचे मोल दोन वेगवेगळ्या जगांची गाठ घालण्यात आहे आणि तेच तेव्हा टाळले गेले.

आता प्लेऑफविषयी. २०१४ च्या हंगामापासून चार संघांचे प्लेऑफ सुरू झाले, तरी जुना प्रश्न सुटला नाही. २०१७ चा सेंट्रल फ्लोरिडाचा अपराजित संघ चारांत घेतला गेला नाही आणि त्याने पीच बाऊलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवून आपले म्हणणे मैदानावर मांडले. २०२४ पासून बारा संघ आले. त्या पहिल्याच वर्षी बॉयसी स्टेटला तिसरे मानांकन मिळाले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी ती ग्लेनडेलच्या त्याच मैदानावर फिएस्टा बाऊल खेळायला उतरली. या वेळी तो उपांत्यपूर्व सामना होता. पेन स्टेटने तिला ३१-१४ असे हरवले. पराभव झाला याचे दुःख आहे, पण अठरा वर्षांपूर्वी ज्या संघाला विजयानंतरही पुढचा सामना नव्हता, त्याला आता हरल्यामुळे पुढचा सामना नव्हता. मला हा बदल न्याय्य वाटतो.

प्लेऑफच्या बाहेर राहिलेल्या बाऊल सामन्यांचे मात्र नुकसान झाले आहे, हे मान्य करावे लागते. चाळीसच्या आसपास बाऊल दरवर्षी होतात आणि बारापैकी सहा सामने जिंकले तरी निमंत्रण मिळू शकते. व्यावसायिक संघांच्या निवडीत नाव येण्याची शक्यता असलेले खेळाडू दुखापतीच्या भीतीने अशा सामन्यांतून अंग काढून घेतात. २०१६ च्या हंगामाअखेरीस लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅककॅफ्री यांनी तसे केले तेव्हा मोठी चर्चा झाली होती, आता कोणी भुवईही उंचावत नाही. शिवाय २०२४ च्या हंगामापर्यंत डिसेंबरमध्येच अनेक खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवत, त्यामुळे बाऊलला उतरणारा संघ हंगामभर खेळलेला संघ राहत नसे. ज्यांना स्वतःच्या शरीरावर पुढची कमाई करायची आहे, त्या विशीतल्या मुलांना मी दोष देणार नाही. पण अशा सामन्याच्या निकालावरून कोणती कॉन्फरन्स श्रेष्ठ हे ठरवणे आता चुकीचे आहे.

म्हणून आपल्याला पाहण्यासाठी सामने निवडायचे असतील तर माझा सल्ला असा: प्लेऑफमधील बाऊल सामने पाहावेत आणि त्यांखेरीज ज्या सामन्यात एखादे लहान विद्यापीठ मोठ्या कॉन्फरन्सच्या संघासमोर आपल्या नेहमीच्या खेळाडूंसह उतरत असेल तो पाहावा. तेथे एका संघाला अजूनही काहीतरी सिद्ध करायचे असते, आणि चौथ्या डाउनवर किंवा दोन गुणांच्या प्रयत्नात तो संघ काय निवडतो याकडे विशेष लक्ष द्यावे. सुरुवात २००७ च्या फिएस्टा बाऊलच्या चित्रफितीनेच करायची असेल तर तिसऱ्या सत्रात २८-१० असा गुणफलक असतो तेथून पाहायला लागावे. त्याआधीचा खेळ चांगला आहे, पण नंतर पाहिला तरी चालेल.